ॲडमिरल चार्ल्स वॉटसन: विजयदुर्गावर चालून आलेल्या इंग्रज दर्यावर्दीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विजयदुर्गाच्या जेटीवर उभं राहिलं की समोर वाघोटण खाडीचं मुख दिसतं आणि पाठीशी किल्ल्याचा तट येतो. १२ फेब्रुवारी १७५६ च्या दुपारी याच मुखातून इंग्रजांची जहाजं आत शिरली आणि तासा-दोन तासांत आंग्र्यांचं आरमार पेटलं. किल्ला दाखवायला लोकांना घेऊन जातो तेव्हा तुळाजी आंग्र्यांबद्दल, पेशव्यांबद्दल, रॉबर्ट क्लाइव्हबद्दल प्रश्न येतात. त्या जहाजांचा प्रमुख कोण होता, हे मात्र क्वचितच कुणाला ठाऊक असतं. त्याचं नाव चार्ल्स वॉटसन. त्याच्याविषयी पुन्हा पुन्हा विचारल्या गेलेल्या प्रश्नांची उत्तरं इथे एकत्र देतो आहे.

चार्ल्स वॉटसन नेमका कोण होता?

इंग्लंडच्या राजाच्या आरमारातला, म्हणजे रॉयल नेव्हीतला अधिकारी. जन्म १७१४, मृत्यू १७५७. आयुष्याच्या शेवटच्या तीन वर्षांत तो हिंदुस्थानच्या समुद्रातल्या ब्रिटिश आरमाराचा सरसेनापती होता. या तीन वर्षांत त्याने विजयदुर्ग घेतला, बंगालच्या नवाबाने काबीज केलेलं कलकत्ता परत मिळवलं आणि फ्रेंचांचं चंद्रनगर पाडलं. पहिली घटना कोकणातली, दुसऱ्या दोन बंगालमधल्या, आणि तिन्ही मिळून जेमतेम तेरा महिन्यांतल्या. इंग्रजांच्या इतिहासात तो बंगालसाठी लक्षात राहिला. आपल्याकडे तो लक्षात राहायला हवा होता विजयदुर्गासाठी.

मुंबईचं वॉटसन हॉटेल याच्याच नावाचं का?

नाही. काळा घोड्याजवळचं ते हॉटेल, जिथे ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं दाखवली गेली, ते जॉन वॉटसन नावाच्या व्यापाऱ्याचं. शंभरहून अधिक वर्षांचं अंतर आहे.

आणखी एका वॉटसनशी गल्लत होते. १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी ठाण्याच्या किल्ल्याला वेढा घातला तेव्हा कमोडोर जॉन वॉटसन कामी आला. तोही वेगळा माणूस, ईस्ट इंडिया कंपनीच्या आरमारातला. आपला चार्ल्स वॉटसन त्याआधी सतरा वर्षं कलकत्त्याच्या मातीत गेलेला होता.

तो आरमारात आला कसा? घराणं दर्यावर्दी होतं का?

वडील धर्मोपदेशक होते, वेस्टमिन्स्टर ॲबीत मानाच्या पदावर. चार्ल्स लहान असतानाच ते वारले. पण घराण्याशी नातं असलेले सर चार्ल्स वेजर हे त्या काळचे नामांकित ॲडमिरल होते आणि १७३३ पासून तर इंग्लंडच्या आरमार खात्याचे मुख्य. अठराव्या शतकात इंग्रज आरमारात वर चढायचं तर दोन गोष्टी लागत: अंगात धमक आणि वरच्या खुर्चीत कुणीतरी आपला माणूस. वॉटसनकडे दोन्ही होतं. १७२८ मध्ये, म्हणजे चौदाव्या वर्षी तो जहाजावर चढला आणि दहा वर्षांत, १७३८ मध्ये, कॅप्टन झाला. चोविसाव्या वर्षी कॅप्टन होणं त्या काळातही लवकरच म्हणायचं. ओळखीने पद मिळालं असेल; पुढच्या लढायांत मात्र वेजर त्याच्या जहाजावर नव्हते.

हिंदुस्थानात येण्याआधी त्याने काय केलं?

ऑस्ट्रियाच्या वारसा-युद्धात तो लढला. फेब्रुवारी १७४४ मध्ये तुलाँजवळ फ्रेंच-स्पॅनिश आरमाराशी झालेल्या लढाईत ‘ड्रॅगन’ हे जहाज त्याच्या हाताखाली होतं. ती लढाई इंग्रजांना शोभली नाही; नंतर कितीतरी अधिकाऱ्यांवर खटले चालले. १७४७ मध्ये मात्र केप फिनिस्टेअरच्या दोन्ही लढायांत, मे महिन्यात ॲन्सनच्या आणि ऑक्टोबरात हॉकच्या हाताखाली, तो ‘प्रिन्सेस लुइसा’ घेऊन होता, आणि या दोन्ही मोठ्या विजयाच्या लढाया ठरल्या. १७४८ मध्ये तो रिअर ॲडमिरल झाला आणि त्याच वर्षी न्यूफाउंडलंडचा गव्हर्नरही. तिथे कॉड मासळीच्या हंगामात इंग्रज मच्छीमारांची गलबतं जमत, आणि त्यांच्या राखणीला गेलेला आरमारी अधिकारीच गव्हर्नर म्हणून काम पाही.

१७४१ मध्ये त्याचं लग्न कॉर्नवॉलमधल्या रिबेका बुलर हिच्याशी झालं होतं.

त्याला हिंदुस्थानात का पाठवलं?

मराठ्यांशी लढायला नव्हे, हे आधी नीट ध्यानात घ्यावं लागतं. तेव्हा इंग्रजांना काळजी होती फ्रेंचांची. फ्रेंच गव्हर्नर द्युप्लेने दक्षिणेत मांडलेला खेळ, कर्नाटकातल्या लढाया, निजामाच्या दरबारातलं फ्रेंच सेनानी बुसीचं वजन, या सगळ्यामुळे कंपनीने सरकारकडे मदत मागितली. १७५४ मध्ये वॉटसन ‘केंट’ या जहाजावर आपलं निशाण लावून निघाला. सोबत कर्नल ॲडलरक्रॉनची ३९ वी पलटण होती. राजाच्या फौजेची हिंदुस्थानात उतरलेली ही पहिली पलटण. पण ते येऊन पोचतात तोच फ्रेंचांशी तात्पुरता तह झाला. जहाजं आहेत, तोफा आहेत, माणसं आहेत आणि युद्ध नाही, अशी अवस्था. पूर्व किनाऱ्यावर पावसाळ्याच्या तोंडी मोठ्या जहाजांना आसरा नाही, म्हणून १७५५ च्या नोव्हेंबरात आरमार मुंबईला आलं. मुंबईच्या गोदीत जहाजं दुरुस्त होत. कंपनीचा सेनाधिकारी क्लाइव्हही नुकताच इंग्लंडहून मुंबईत उतरला होता. त्याला फ्रेंचांविरुद्ध दख्खनच्या मोहिमेवर जायचं होतं, तीही तहामुळे बारगळली.

मोकळं बसलेलं आरमार आणि मोकळा बसलेला क्लाइव्ह एकाच वेळी मुंबईत होते, हे तुळाजी आंग्र्याचं दुर्दैव.

राजाचं आरमार आणि कंपनीचं आरमार यांत फरक काय? सुवर्णदुर्ग घेणारा जेम्स कोण?

ईस्ट इंडिया कंपनीचं स्वतःचं आरमार होतं, त्याला ‘बॉम्बे मरीन’ म्हणत. व्यापारी जहाजांची राखण करणं आणि किनाऱ्यावर दबदबा ठेवणं हे त्याचं काम. कमोडोर विल्यम जेम्स त्याचा प्रमुख. मार्च १७५५ मध्ये मुंबईकर इंग्रज आणि पेशव्यांचे कोकणचे सरसुभेदार रामाजी महादेव यांचा करार झाला आणि एप्रिलमध्ये जेम्सने सुवर्णदुर्ग घेतला. तेव्हा वॉटसन मुंबईत नव्हताच. पुष्कळ लिखाणात सुवर्णदुर्ग आणि विजयदुर्ग या दोन मोहिमांची सरमिसळ होते, ती टाळावी.

रॉयल नेव्ही राजाची. तिचा ॲडमिरल कंपनीचा नोकर नव्हता, आणि वॉटसनने कंपनीच्या लोकांना ते वेळोवेळी जाणवूनही दिलं. डिसेंबर १७५५ मध्ये त्याने जेम्सला विजयदुर्गाची टेहळणी करायला पाठवलं. घेरिया (गिर्ये गावावरून इंग्रज विजयदुर्गाला याच नावाने ओळखत) अजिंक्य आहे, असा तेव्हा सगळीकडे बोलबाला होता. जेम्सने येऊन सांगितलं की तट भक्कम आहे, पण मोठी जहाजं तोफेच्या टप्प्यात जाऊ शकतील इतकं पाणी खोल आहे. सगळी मोहीम या एका बातमीवर ठरली.

पेशव्यांनी इंग्रजांची मदत घेऊन आपलंच आरमार बुडवलं, हे खरं का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा आणि सगळ्यात जास्त चिडून विचारला जाणारा प्रश्न. थोडं सविस्तर सांगतो.

कान्होजी आंग्रे १७२९ मध्ये गेले. पुढच्या काही वर्षांत मुलांमध्ये दुही माजली आणि सरखेलांची, म्हणजे मराठी आरमारप्रमुखांची, दौलत दुभंगली: मानाजी कुलाब्याला, संभाजी सुवर्णदुर्ग-विजयदुर्गाकडे. संभाजीनंतर दक्षिणेकडचा हिस्सा तुळाजीकडे आला. तुळाजी शूर होता, समुद्रावर त्याच्या तोडीचा माणूस त्या पिढीत दुसरा नव्हता. अंजनवेल आणि गोवळकोट त्याने सिद्दीकडून घेतले. १७४९ मध्ये इंग्रजांचं ‘रिस्टोरेशन’ पकडलं, १७५४ मध्ये डचांच्या जहाजांना दणका दिला. पण तो पेशव्यांची सत्ता मानत नव्हता. आपण छत्रपतींचे सरखेल, पुण्याच्या प्रधानाचे ताबेदार नाही, ही त्याची भूमिका. शेजारच्या सावंतांच्या आणि प्रतिनिधींच्या मुलखालाही त्याचा उपद्रव होत होता.

नानासाहेब पेशव्यांच्या बाजूने पाहिलं तर हुकूम न मानणाऱ्या सरदाराला वठणीवर आणणं हा प्रकार नवा नव्हता. नवं होतं ते त्यासाठी परक्या आरमाराला बोलावणं. समुद्रावर तुळाजीशी भिडेल असं बळ पेशव्यांकडे नव्हतं, म्हणून त्यांनी ते इंग्रजांकडून उसनं घेतलं.

त्यामुळे ‘पेशव्यांनी बुडवलं’ हे वाक्य जसंच्या तसं मी म्हणणार नाही. आग इंग्रजांच्या तोफगोळ्याने लागली, आणि मराठ्यांच्या हाती जाण्याआधी किल्ला आपल्या ताब्यात घेण्याचा डावही इंग्रजांचाच. मात्र दार पुण्याहून उघडलं गेलं, हे नाकारता येत नाही, आणि नाकारू नये. तुळाजीला नमवूनही ती गुराबं (मोठी लढाऊ जहाजं), ती गोदी, ते तांडेल आणि सुतार मराठी राज्यात ठेवता आले असते. ते आधी कसे वाचवायचे याचा विचार झाला नाही, याची हळहळ मला किल्ल्यावर गेल्यावर दर वेळी वाटते.

१२ आणि १३ फेब्रुवारी १७५६ ला नेमकं काय झालं?

७ फेब्रुवारीला आरमार मुंबईहून निघालं. राजाची जहाजं सहा: केंट, कंबरलँड, टायगर, सॅलिसबरी, ब्रिजवॉटर आणि किंगफिशर. त्यांच्यासोबत जेम्सचं ‘प्रोटेक्टर’ आणि कंपनीची इतर गलबतं, उखळी तोफा वाहणारी जहाजं धरून. क्लाइव्हच्या हाताखाली सुमारे ८०० गोरे आणि १,००० देशी शिपाई होते. जमिनीच्या बाजूने रामाजी महादेव आणि खंडोजी माणकर यांची मराठा फौज आधीच आलेली होती.

११ तारखेला आरमार विजयदुर्गासमोर पोचलं. तोवर तुळाजी किल्ला मेहुण्याच्या हवाली करून मराठ्यांच्या छावणीत बोलणी करायला गेला होता. तो तिथून परत आलाच नाही. किल्ला शरण येऊन मराठ्यांच्या हाती जाणार, असा इंग्रजांना संशय आला, आणि बोलणी पुरी होण्याआधी हल्ला करायचं ठरलं.

१२ च्या दुपारी, समुद्रवारा सुटल्यावर, जहाजं दोन रांगांनी खाडीत शिरली. मोठी जहाजं किल्ल्याच्या अंगाला, उखळी तोफांची आणि लहान जहाजं दुसऱ्या रांगेत. किल्ल्यावरून मारा सुरू झाला, तो झेलत ती आपापल्या जागी जाऊन नांगरली आणि मग त्यांच्या तोफा सुटल्या. आंग्र्यांची गुराबं आणि गलबतं किल्ल्याच्या आडोशाला एकमेकांना बांधून ठेवलेली होती. चारच्या सुमारास एक पेटता गोळा ‘रिस्टोरेशन’वर पडला. सात वर्षांपूर्वी तुळाजीनेच इंग्रजांकडून पकडलेलं हे जहाज. त्याने पेट घेतला, दोर जळाले, आणि आग एका डोलकाठीवरून दुसऱ्या डोलकाठीवर सरकत गेली. अंधार पडेपर्यंत सगळं आरमार पेटलं होतं. बांधणीला घेतलेली जहाजंही वाचली नाहीत.

जहाजं एकमेकांना बांधून का ठेवली होती, असं मुलं विचारतात. आरमार बाहेर काढून लढायचं तर सरखेल हवा, आणि सरखेल छावणीत अडकलेला. किल्ल्याच्या तोफांखाली जहाजं सुरक्षित राहतील, असा भरवसा. शत्रू टप्प्यात येणार नाही, हे गृहीत धरलेलं होतं.

त्याच रात्री क्लाइव्ह फौज घेऊन किनाऱ्यावर उतरला आणि किल्ला व मराठा फौज यांच्या मधोमध जाऊन बसला. वरवर पाहता दोस्तांच्या मदतीला. खरं तर दोस्तांना किल्ल्यात शिरू न देण्यासाठी. १३ ला सकाळी वॉटसनने शरण येण्याचा निरोप धाडला. किल्लेदाराने तुळाजीच्या हुकमाची वाट पाहायला मुदत मागितली, ती मिळाली नाही. मारा पुन्हा सुरू झाला. दुपारनंतर पांढरं निशाण चढलं, पण इंग्रज तुकडीला आत घेईनात, म्हणून तोफा परत सुटल्या. संध्याकाळी दरवाजा उघडला. इंग्रजांकडचे मेलेले आणि जखमी मिळून विसाच्या आसपास.

आंग्र्यांच्या किती माणसांनी त्या दोन दिवसांत जीव गमावला, ते इंग्रजांच्या कागदांत कुणी मोजून ठेवलेलं नाही.

लूट किती मिळाली आणि कुणाला?

सुमारे दहा लाख रुपये रोख, शिवाय माल, आणि अडीचशेच्या आसपास तोफा. मुंबईहून निघायच्या आधीच इंग्रज अधिकाऱ्यांनी आपसात वाटणी ठरवली होती, आणि त्या वाटणीत मराठ्यांचं नाव नव्हतं. मराठा फौजेचे सरदार किल्ल्याबाहेरच राहिले.

वाटणीवरून क्लाइव्हची कुरबूर झाली. त्याला जहाजाच्या कॅप्टनइतका हिस्सा देऊ केला होता. त्याच्या अधिकाऱ्यांना वाटे की त्याला दुय्यम ॲडमिरल पोकॉकच्या बरोबरीने मिळावं. वॉटसन म्हणाला, नियम बदलणार नाही, पण जो फरक पडेल तो माझ्या हिश्शातून भरून देतो. क्लाइव्हने ते पैसे घेतले नाहीत. दोघांचाही मोठेपणा म्हणून ही गोष्ट इंग्रज फार रंगवून सांगतात. ज्या पैशावरून हा मोठेपणा चालला होता तो कोकणच्या किनाऱ्यावरचा होता, एवढं आपण लक्षात ठेवावं.

तुळाजीच्या बायकामुलांचं काय झालं?

‘केंट’वर एडवर्ड आइव्ह्ज नावाचा डॉक्टर होता. त्याने या सफरीचा वृत्तांत लिहून ठेवला आहे. तो सांगतो की वॉटसन किल्ल्यात तुळाजीच्या कुटुंबाला भेटायला गेला तेव्हा बायका आणि मुलं त्याच्यापुढे रडत लोळण घेऊ लागली. त्याने त्यांना धीर दिला, तुम्हाला कसलाही त्रास होणार नाही असं सांगितलं. तेव्हा सहा वर्षांचा एक मुलगा पुढे आला, ॲडमिरलचा हात धरला आणि म्हणाला, मग आता तुम्हीच माझे वडील. वॉटसनच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याला तोंड फिरवावं लागलं.

लिहिणारा वॉटसनचा चाहता होता, तेव्हा थोडी भर घातलीही असेल. तरी हा प्रसंग मला खोटा वाटत नाही. त्या मुलाचे वडील तेव्हा पेशव्यांच्या कैदेत होते आणि पुढे मरेपर्यंत कैदेतच राहिले. पोराने जे विचारलं त्यात लाघव नव्हतं, त्याला खरंच कुणीतरी हवं होतं.

तुळाजी चाचा, म्हणजे समुद्री लुटारू, होता का?

इंग्रजांच्या सगळ्या कागदांत तो ‘पायरेट’ आहे, त्याचे वडीलही. कान्होजींकडे छत्रपतींनी दिलेला सरखेल हा किताब होता, किल्ले होते, मुलूख होता. आपल्या पाण्यातून जाणाऱ्याने आपलं दस्तक, म्हणजे परवाना, घ्यावं, नाहीतर जहाज पकडलं जाईल, हा त्यांचा नियम. पोर्तुगीज दोनशे वर्षं हेच करत आले होते आणि त्यांना कुणी चाचा म्हटलं नाही. तुळाजीने दांडगाई केली नाही असं नाही; केली, आणि आपल्याच लोकांवरही केली. पण तो एका राज्याचा आरमारी सरदार होता. शाळेच्या सहलीत कुणी मार्गदर्शक ‘समुद्री डाकू’ म्हणून सांगत असेल तर त्याला तिथल्या तिथे थांबवावं.

मग विजयदुर्ग पुन्हा मराठ्यांकडे कसा आला?

करारानुसार किल्ला पेशव्यांना द्यायचा होता. इंग्रजांनी तो आठ महिने धरून ठेवला. वॉटसन एप्रिलच्या अखेरीसच मद्रासकडे निघून गेला होता. पुढची घासाघीस मुंबईकर इंग्रज आणि पुणे दरबार यांच्यात झाली. १२ ऑक्टोबर १७५६ च्या तहाने इंग्रजांना बाणकोट आणि आसपासची गावं कायमची मिळाली आणि विजयदुर्ग पेशव्यांकडे आला. पुढे तिथे धुळपांनी पेशव्यांचं आरमार उभं केलं. आनंदराव धुळपांनी १७८३ मध्ये इंग्रजांचं ‘रेंजर’ पकडलं, तेव्हा समुद्रावरचा मराठी हात अगदीच लुळा पडला नव्हता हे दिसलं. १८१८ मध्ये किल्ला इंग्रजांकडे गेला तो गेलाच.

कलकत्त्याचं प्रकरण काय? तिथे क्लाइव्हशी भांडण का झालं?

जून १७५६ मध्ये बंगालचा नवाब सिराज-उद-दौला याने कलकत्ता घेतलं. ऑगस्टमध्ये बातमी मद्रासला पोचली, ऑक्टोबरात वॉटसन आणि क्लाइव्ह निघाले, डिसेंबरात हुगळीच्या मुखाशी फुलत्याला पोचले. २ जानेवारी १७५७ ला कलकत्ता परत त्यांच्या हाती आलं.

किल्ला हाती येताच वॉटसनने राजाच्या पलटणीतल्या आयर कूटला किल्लेदार नेमलं. क्लाइव्ह म्हणाला, मी हुद्द्याने वरचा, कूटचा हुकूम मी मानणार नाही. वॉटसनने निरोप पाठवला: किल्ला सोडला नाहीत तर जहाजावरून तोफा डागीन. क्लाइव्हचं उत्तर, खुशाल डागा, परिणामांची जबाबदारी तुमची. शेवटी दोघांच्या ओळखीच्या एका कॅप्टनने समेट घडवला. वॉटसन स्वतः उतरून आला, किल्ल्या त्याच्या हातात देण्यात आल्या आणि त्याने त्या कंपनीच्या लोकांकडे सोपवल्या. राजा मोठा की कंपनी, हा वाद होता. त्या दिवशी राजाचा मान राहिला, किल्ला कंपनीचा झाला.

दारू पिऊन एकट्याने किल्ला घेणाऱ्या खलाशाची गोष्ट खरी आहे का?

आइव्ह्जने ती लिहून ठेवली आहे. कलकत्त्याच्या वाटेवर बजबजचा किल्ला होता. सकाळी हल्ला करायचं ठरलं होतं. रात्री स्ट्रॅहन नावाचा एक झिंगलेला खलाशी एकटाच तोफेने पाडलेल्या खिंडारातून आत शिरला आणि ‘किल्ला माझा’ म्हणून ओरडू लागला. त्याच्यामागे बाकीचे धावले आणि किल्ला पडला. दुसऱ्या दिवशी वॉटसनने शिस्त मोडल्याबद्दल त्याला दरडावलं. तो बाहेर पडताना पुटपुटला की यापुढे फटके खावे लागणार असतील तर जन्मात पुन्हा एकट्याने किल्ला घेणार नाही. वॉटसनने त्याला शिक्षा केली नाही.

चंद्रनगरची लढाई एवढी महत्त्वाची का मानतात?

आरमारी कौशल्याच्या दृष्टीने वॉटसनची सगळ्यात अवघड लढाई हीच. हुगळीचं पात्र अरुंद, गाळ सरकणारा, आणि फ्रेंचांनी वाट अडवायला जहाजं बुडवून ठेवलेली. त्यातून वाट शोधून २३ मार्च १७५७ ला त्याने केंट आणि टायगर ही प्रचंड जहाजं फ्रेंचांच्या फोर्ट ऑर्लियन्स या किल्ल्याच्या अगदी तटाशी नेऊन लावली. समोरासमोरच्या तोफांच्या मारामारीत केंटची अशी चाळण झाली की ते पुन्हा खोल समुद्रात जाण्यालायक राहिलं नाही. केंटचा कॅप्टन स्पीक आणि त्याचा कोवळा मुलगा बिली एकाच गोळ्याने जखमी झाले. बाप वाचला, मुलगा पाय आणि मग प्राण गमावून बसला.

हल्ल्याआधी वॉटसन बरेच दिवस अडून बसला होता, नवाबाशी तह झालाय तेव्हा त्याच्या मुलखात त्याच्या संमतीशिवाय फ्रेंचांवर जाणार नाही म्हणून. त्याच काळात नवाबाने तहाची कलमं पाळली नाहीत म्हणून त्याने लिहिलेलं ४ मार्चचं पत्र प्रसिद्ध आहे: तुमच्या मुलखात अशी आग लावीन की गंगेचं सगळं पाणी ओतलं तरी विझणार नाही. हे वाचताना मला विजयदुर्गाची खाडी आठवते. अशी आग त्याने वर्षभरापूर्वी पाहिलेली होती.

बनावट सहीचं प्रकरण काय आहे?

प्लासीच्या लढाईआधी नवाबाचा सरदार मीर जाफर याच्याशी गुप्त करार ठरत होता. मध्यस्थ अमीचंद याने तोंड बंद ठेवण्यासाठी तीस लाखांची मागणी केली. क्लाइव्हने दोन करार केले: पांढऱ्या कागदावरचा खरा, लाल कागदावरचा खोटा. अमीचंदचं कलम फक्त लाल कागदावर. वॉटसनने खऱ्या करारावर सही केली, खोट्यावर करायला नकार दिला. मग लशिंग्टन नावाच्या माणसाकडून त्याची सही करवून घेण्यात आली. पुढे पार्लमेंटच्या समितीपुढे क्लाइव्हने याबद्दल जराही खेद दाखवला नाही.

वॉटसनने नकार दिला, हे त्याच्या पदरात टाकायलाच हवं. पण त्याने हा डाव उधळून लावला नाही, अमीचंदला सावधही केलं नाही. प्लासीला त्याने आपले खलाशी तोफा चालवायला पाठवले. हात स्वच्छ ठेवले आणि काम होऊ दिलं.

त्याचा मृत्यू कसा झाला?

१६ ऑगस्ट १७५७, कलकत्ता. प्लासीनंतर दोन महिन्यांच्या आत, बंगालच्या पावसाळी तापाने. वय ४३. प्लासीने ज्यांना गडगंज केलं त्यांच्या यादीत तो नाही. ते भोगायला तो उरलाच नाही. पाठीमागे पत्नी, दोन मुली आणि सहा वर्षांचा मुलगा राहिला. विजयदुर्गावर त्याचा हात धरणारा मुलगाही सहाच वर्षांचा होता. वॉटसनच्या मुलाला १७६० मध्ये राजाने बॅरोनेट (वंशपरंपरागत किताबाचा मानकरी) केलं.

त्याच्याशी संबंधित काय काय आज पाहता येतं?

कलकत्त्याच्या सेंट जॉन्स चर्चच्या आवारात त्याची कबर आहे. जॉब चार्नॉकचीही तिथेच, आणि बिली स्पीकचीही. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत कंपनीने त्याचं मोठं संगमरवरी स्मारक उभारलं, जेम्स स्टुअर्टच्या आराखड्यावरून पीटर शीमेकर्सने घडवलेलं. मधे रोमन वेषातला वॉटसन, एका बाजूला गुडघे टेकून आभार मानणारं कलकत्ता, दुसऱ्या बाजूला साखळदंडात चंद्रनगर. त्यावर तीन तारखा कोरल्या आहेत आणि त्यातली पहिली घेरियाची: १३ फेब्रुवारी १७५६. लंडनला राहणाऱ्या किंवा फिरायला जाणाऱ्या मराठी माणसांनी ती ओळ जरूर शोधावी. ग्रिनिचच्या नॅशनल मेरिटाइम म्युझियमच्या संग्रहात डॉमिनिक सेरेसने १७७१ मध्ये काढलेलं घेरियाच्या लढाईचं तैलचित्र आहे. लंडनच्याच शूटर्स हिलवर विल्यम जेम्सच्या पत्नीने १७८४ मध्ये बांधलेला त्रिकोणी मनोरा आहे, त्याचं नाव ‘सेव्हर्नड्रूग’, म्हणजे आपलं सुवर्णदुर्ग. २०१४ पासून तो लोकांना पुन्हा पाहता येतो.

आणि विजयदुर्ग. देवगडहून एसटी येते. जाल तेव्हा आधी तिहेरी तट पाहून घ्या, मग खाडीच्या अंगाच्या बुरुजावर दुपारी तीन-चारच्या सुमारास थांबा. समुद्रवारा तेव्हाच सुटतो. तो पाठीवर घेऊन जहाजं कुठल्या बाजूने आत आली असतील, ते तिथे उभं राहिल्यावर कुणी सांगावं लागत नाही.